पिशवीत राहिलेली शाल

आमच्या लोकांना एक खोड आहे. पुढारी दिसला की हात आपोआप हाराकडं जातो. अगदी भांडायला निघालो तरी शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाय.

त्या फेब्रुवारीत सूनबाईला आठवा महिना होता. आमचं गाव करमाडपासून आत, रस्ता म्हणजे नुसते खड्डे. तिचं पहिलं बाळंतपण शहरात नेताना टमटममध्येच झालं, भर जालना रोडवर. माय-लेकरू वाचलं, एवढंच. पुढं गावातल्या आरोग्य उपकेंद्रात कंत्राटावर नर्सबाई आल्या अन् आमचा जीव भांड्यात पडला. आता बातमी आली की नव्या बजेटात कंत्राटी नर्सबायांच्या पगाराला कात्री लागणार, मार्चनंतर उपकेंद्राला कुलूप. सूनबाई नुसती रस्त्याकडं बघत बसली. माझं मात्र डोकं सणकलं.

गल्लीतल्या बायका गोळा केल्या. शेजारच्या भाभी सगळ्यांत पुढं. एसटीनं शहर गाठलं, क्रांती चौकातून चालत आमदारांचं ऑफिस. वाटेत घोकत होतो, दवाखान्याचा पैसा राखा, मगच बजेटाला हात वर करा. आमदार आत आले, आम्ही उठलो, अन् काय सांगू, भाभींनी हार घातला आणि शाल मीच पांघरवली. फोटो निघाला. साहेबांना वाटलं, बाया अभिनंदनाला आल्यात. कशाचं, ते त्यांनीही विचारलं नाही. प्रेम असंच राहू द्या म्हणाले, आम्हाला चहा सांगितला आणि गाडीत बसून गेले.

परतीची एसटी पकडली. करमाड जवळ आलं तशा भाभी म्हणाल्या, "अपन काम तो बोलेच नै."

इतक्या हसलो की कंडक्टर मागं येऊन बघून गेला. घरी मात्र सूनबाई दारातच उभी, काय झालं विचारायला. तिला काय सांगणार, चहा बरा होता म्हणून? लई लाज वाटली मला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. नवी शाल घेतली, पण पिशवीची गाठ मारून मीच मांडीवर ठेवली. आमदार आले आणि सवयीनं त्यांनी मान पुढं वाकवली. मान तशीच राहिली.

"साहेब, शाल आणलीय," मी म्हटलं, "पण आज नाय. उपकेंद्र चालू ठेवणारं बजेट पास करा, मग पांघरवते."

त्यांची माणसं चपापली. आमदारांनी पिशवीकडं बघितलं अन् खुर्ची ओढून बसले. मी टमटममधलं सगळं सांगितलं, काही न झाकता. त्यांनी ते ऐकलं आणि हे सभागृहात मांडतो म्हणाले.

मांडलंही. गावोगावच्या बाया आपापल्या आमदारांच्या मागं लागल्या होत्या म्हणे. बजेट पास झालं अन् नर्सबाई राहिल्या. शाल द्यायला जायचं मात्र राहूनच गेलं, पिशवी दारामागं तशीच लटकत होती. एप्रिलात एका सकाळी सूनबाईला कळा सुरू झाल्या. माझा हात धरून ती चालत उपकेंद्रात गेली. दुपारच्या आत नात झाली, टपोऱ्या डोळ्यांची. गडबडीत मी दारामागची भलतीच पिशवी उचलून आणली होती. नर्सबाईंनी बाळाला गुंडाळायला काही मागितलं तर आत निघाली शाल. आनंदानं मला रडूच फुटलं.

मग एकदा आमदार गावात आले. भाषण आटोपून आमच्या ओट्यापाशी थांबले आणि हसत म्हणाले, "मावशी, माझी शाल राहिली की."

मी ओट्यावरून उठत होते, तेवढ्यात सूनबाई बाळाला घेऊन पुढं झाली. एरवी चार लोकांत तोंड न उघडणारी माझी सून.

"शाल कामात आहे, साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरी आणू."