कडक भाकरीची पाटी

सास्तूरची कडूबाई नावाला जागणारी बाई. तोंड असं की भांडायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जायचा. बेंबळीहून लग्न होऊन आली तेव्हा या घरात दोनच गोष्टी होत्या: भूकंपानंतर बांधून मिळालेल्या खोल्या आणि सासूचा धाक. सासू गेली, धाक कडूबाईकडं आला.

तिच्या हातच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या महिनाभर कुरकुरीत राहायच्या. त्या विकायच्या असं तिनं ठरवलं, तेव्हा गावानं तोंडात बोट घातलं. भाकरी ही आल्यागेल्याला वाढायची वस्तू, तिचे पैसे कसले घ्यायचे? पहिल्या दिवशी मदतीला कुणी फिरकलं नाही. आली ती एकटी शेजारची हमिदाबी, जिला सगळी गल्ली चाची म्हणायची.

"आज हसत्याल, उद्या इकत घेत्याल," म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

झालंही तसंच. पुढं सहा-सात जणी कामाला लागल्या. वयामुळं चाचीचं थापणं सुटलं. पण चुलीचा जाळ तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

यंदा धाराशिवच्या एका मोठ्या दुकानानं बारमाही भाकरी घ्यायचं कबूल केलं. आठवडी बाजाराच्या भरवशावर असलेल्या बायकांना वर्षभराचं काम मिळणार होतं. अट एकच होती, शॉप अॅक्टचा कागद पाहिजे. कडूबाईनं चुलीपुढं सहज विषय काढला, "कामाला कोण कोण हाय ते सरकारला कळवावं लागतंय."

झालं! बातमी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिला शेपूट फुटलं. नाव सरकारात गेलं की रेशन बंद, सरकारी योजनेचा हप्ताबी बंद. दुसऱ्या दिवशी एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीच्या घरी पाहुणे, आणि तिसरी तर सरळ म्हणाली, "म्या कुठं कामाला हाय? म्या नुसती बसाया येती." तीन वर्षं बसायला येऊन तिनं हजारो भाकऱ्या थापल्या होत्या, तो भाग वेगळा. कडूबाई संतापली, आणि खरं सांगायचं तर घाबरलीही. हात नसतील तर कागद घेऊन काय चुलीत घालायचा?

तेवढ्यात चाची आली. ईदचं लुगडं नेसलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.

"चल. मपलं नाव पयलं लिव."

दोघी एसटीनं लोहाऱ्याला गेल्या. ऑनलाइनची कामं करणाऱ्या बसवेशनं मालकाचं नाव, पत्ता, धंदा विचारला. मग म्हणाला, "कामगार किती?"

"आठ. समद्या बायाच," कडूबाई म्हणाली. चाचीनं कार्ड पुढं सरकवलं.

"नावं लागत न्हाईत, मावशी. दहाच्या आत कामगार असले की नुसतं कळवायचं. बाया किती, पुरुष किती, बस्स. आन् ह्यानं कुणाचं रेशन बंद हुत न्हाय."

कडूबाईच्या जिवात जीव आला. आता सगळ्या परत येतील! हसत तिनं वळून पाहिलं, तर चाची कार्ड पुन्हा पिशवीत घालत होती.

"मंजी मपलं नाव कुठंच येत न्हाय?" ती हळू म्हणाली. "घर लेकाच्या नावावर. आजवर कामापायी मपलं नाव कुठं लागलंच न्हाय. म्हणलं, एकडाव तरी लागंल."

कडूबाईनं तिच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

"दुकानाचं नाव सांगा," बसवेश म्हणाला. "मराठीत पाटी लावा, तिचा फोटो पाठवा. मग अर्ज भरतो."

नाव घरी ठरलं होतं, मुलाचं: रणधीर भाकरी केंद्र. कडूबाईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हमिदाबी कडक भाकरी."

"याड लागलं का तुला?" चाची उसळली. "मपलं नाव बघून तुज्या भाकरी कोण घेईल?"

"आजवर खाल्ल्या त्या कुणाच्या जाळावर भाजल्यात, इचारलं का कुणी? ज्याला न्हाय घ्यायची त्यानं घरी थापावी. तुमी गप बसा, चाची."

गावात दोघा-चौघांनी नाकं मुरडली, आणि घरी ज्ञानोबानं, म्हणजे कडूबाईच्या नवऱ्यानं, "पोराचं ठरलं हुतं की," म्हणून पाहिलं. "पोरगं आपलं नाव आपल्या हातानं कमवंल," कडूबाईच्या एवढ्या उत्तरावर विषय संपला.

पाटी रंगवून झाली, तेव्हा डोकेदुखीवाल्या, पाहुणेवाल्या आणि नुसतं बसायला येणाऱ्या सगळ्या हजर होत्या. चाचीला वाचता येत नव्हतं.

"ह्यात मपलं नाव कुठून कुठवर हाय?"

कडूबाईनं तिचं बोट धरून पाटीवर ठेवलं. "हितनं." आणि मग ओरडली, "अवं, रंग वला हाय!"

तशाच पाटीचा फोटो काढून बसवेशला पाठवला, त्यावर नोंदीची पावती आली आणि धाराशिवला भाकऱ्या जायला लागल्या. फोटोत पहिलं अक्षर जरासं फिसकटलेलं दिसतं, बायकांची दाटी दिसते, आणि मधोमध चाची निळं झालेलं बोट जपून वर धरून उभी आहे.