या एकदा जेवायला

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गेले, आणि श्रद्धांजलीचा मजकूर लिहायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं. मंत्रालयात आयुष्यभर टिपणं लिहिलेल्या बाईला त्यात काय अवघड? तासाभरात पान भरलं. यशस्वी उद्योजक, समाजाचा आधार, वगैरे. शेवटचं वाक्य होतं, 'ते आमच्या प्रत्येकाच्या घरातलेच एक होते.'

बाकीचं सगळं खरं होतं. सांगलीकडून नोकरीसाठी आलेल्या या माणसाने गुरुग्रामजवळ खोके बनवायचा कारखाना काढला. मुनिरक्यात खोली घेऊन राहणारा एखादा मराठी विद्यार्थी तापाने फणफणला, की त्याला इस्पितळात न्यायला यांची गाडी जायची. छावणीतल्या जवानाच्या बायकोला रक्त हवं असलं, तर कारखान्यातली चार माणसं घेऊन हे स्वतः हजर. आमच्या वसाहतीतलं तुंबलेलं गटार त्यांनी पालिकेच्या साहेबाला त्याच चिखलात उभं करून साफ करून घेतलं होतं. गणपतीत शाल-श्रीफळ स्वीकारून झालं, की हेच अध्यक्ष कोट काढून खुर्च्यांच्या घड्या घालायला लागत. "अरे चलो, पटापट. टेंटवाला थांबलाय."

बायको गेल्यापासून ते गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत एकटेच राहायचे. मुलगी परदेशात. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या महाप्रसादाला मी घरून भरली वांगी करून नेली होती. ती त्यांनी तीनदा घेतली.

"वहिनी, बिल्कुल घरची चव. आमचा स्वयंपाकाचा महाराज पनीरच्या पुढे जातच नाही."

"मग या की एकदा जेवायला," मी म्हणाले.

"कधी?"

आता, आपल्याकडे 'या एकदा जेवायला' याला तारीख नसते. म्हणणाऱ्याला ते माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही. आमची पंजाबी शेजारीण असती, तर तिने दंडाला धरून तिथूनच घरी नेलं असतं. आपल्याला कुणी 'कधी' विचारलं, की आपण गडबडतो.

"ठरवू ना. एखादा रविवार बघून फोन करते," म्हणून मी वेळ मारून नेली.

बोलवायचं मनात नव्हतं असं नाही. घोडं अडलं ते सोफ्यापाशी. सरकारी क्वार्टर, छताचे पोपडे पडलेले, सोफ्याची एक बाजू पार बसलेली. एवढ्या मोठ्या माणसाला बसवायचं कुठे? नवरा म्हणायचा, "अगं, ते जेवायला येणार आहेत, इन्स्पेक्शनला नाही." मी म्हणायचे, दिवाळीनंतर सोफा बदलू, मग बोलवू. दिवाळ्या आल्या नि गेल्या. दर गणपतीत मी नेमाने म्हणायचे, "एकदा यायचंय हं." तेही म्हणायचे, "फोनची वाट बघतो." मला वाटायचं, तेही माझ्यासारखंच तोंडदेखलं बोलतायत.

शोकसभेत मी मजकूर वाचला. शेवटच्या वाक्याला आवाज भरून आला, आणि खरं सांगते, वाक्य छान जमलं म्हणून बरंही वाटलं. नवऱ्याबरोबर बाहेर आले तर त्यांचा ड्रायव्हर दाराशी उभा होता.

"मैडम, लक्ष्मीबाई नगर में आप ही रहती हैं ना?"

मी मान हलवली.

"साहब इतवार को मुझे दोपहर तक छुट्टी नहीं देते थे. कहते थे, रुक जा, लक्ष्मीबाई नगर से खाने का फोन आएगा."

"हर इतवार?"

"हर इतवार. मैं बोलता था, साहब, आप ही कर लो फोन. तो कहते, नहीं रे, खाने का बुलावा माँगा नहीं जाता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून सवयीने तेच गेलं.

"भैया, आप भी आइए कभी खाना खाने."

"मैं तो परसों गाँव जा रहा हूँ, मैडम," तो हसून म्हणाला.

"तो आज चलिए."

तो नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. साहेबांची गाडी मुलीने विकायला काढली होती, म्हणून आम्ही तिघं रिक्षाने घरी आलो. मी कुकर लावला. वरण, भात, भाजलेला पापड आणि दही, बस. वांगी आणायलाही वेळ नव्हता. तो नेमका सोफ्याच्या बसलेल्या बाजूला बसला, ताट मांडीवर घेतलं आणि दोनदा भात मागून घेतला. सोफ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम होतं, आणि मी चार वर्षं दिवाळीची वाट बघत बसले.

तो गेल्यावर मंडळाच्या अंकाला पाठवायचा मजकूर काढला आणि शेवटचं वाक्य खोडलं. आमच्या घराचं दारसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.