लिंडेनखालचा बाक

सेर्व्होकूरच्या गावकचेरीसमोर लिंडेनच्या झाडाखाली एक बाक आहे. एडविज तिरिओंनं चाळीस वर्षं प्रत्येक निवडणूक त्या बाकावर बसून काढली. नवरा ल्युसियँ मत द्यायला आत जाई आणि जाताना टोपी हिच्या मांडीवर ठेवी. हिला आत जायचा हक्क नव्हता, कारण गाव फ्रान्सचं आणि ती जर्मन होती.

दुसऱ्या महायुद्धात ल्युसियँ कैदी म्हणून जर्मनीत ट्रिअरजवळ तिच्या वडिलांच्या शेतावर राबत होता. सुटून घरी आला, आणि सात वर्षांनी हा बहाद्दर सायकल मारत पुन्हा तिकडेच गेला, तिला मागणी घालायला. गावानं तोंडात बोटं घातली. त्या काळी लग्नाबरोबर बाईला फ्रेंच नागरिकत्व आपसूक मिळे. हिनं आधीच सही करून ते नाकारलं. तिचा भाऊ कोनराड रशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता. उद्या तो परतला, तोवर आईवडीलही नसले आणि घरचं एकही माणूस जर्मन दप्तरात सापडलं नाही तर, ही तिची भीती. ती तिनं फक्त ल्युसियँला सांगितली. गावाला एवढंच दिसलं की हिला आमचा मुलगा चालतो, पण आमचा कागद चालत नाही.

कोनराड आला नाही. तिची आशा सुटली तोवर कागद बदलायची लाज वाटू लागली होती. तिच्या ‘हेडविग’ची गावानं ‘एडविज’ करून टाकली होती, आणि बाल्टेस हे माहेरचं आडनाव तिनं गावात कधी तोंडातून काढलंच नाही.

मधल्या काळात युरोप हळूहळू जुळत गेला. आधी कोळसा आणि पोलादाचा बाजार एक झाला, मग जकात उठली. माहेरी जाताना नाक्यावरचा शिपाई पूर्वी पिशवीतलं लोणी मोजायचा, तो पुढे नुसता हात हलवू लागला. एकोणऐंशी साली युरोपच्या संसदेसाठी लोकांनी पहिल्यांदा थेट मतं दिली, तेव्हाही ही बाकावरच.

ब्याण्णव साली युरोपच्या नव्या करारावर सार्वमत झालं. दुसऱ्या सदस्य देशाच्या माणसालाही राहत्या गावात युरोपच्या निवडणुकीत मत देता यावं, असं त्यात होतं. ल्युसियँ आजारी होता, तरी काठी टेकत गेला आणि ‘हो’ टाकून बाहेर आला.

“पुढच्या खेपेला तू आत जायचंस,” तो म्हणाला. “मी बसतो इथं. माझी टोपी माझी मी सांभाळीन.”

त्याच हिवाळ्यात तो गेला.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये, युरोपच्या निवडणुकीच्या रविवारी सकाळी, एडविजनं ती टोपी बाकावर ठेवली आणि पासपोर्ट घेऊन आत गेली. टेबलामागे मेयर ओदील होती आणि शेजारी यादी घेऊन फेर्नां उंबेर. फेर्नांच्या वडिलांना जर्मन शिपायांनी नेलं होतं, ते परतले नव्हते. तो एडविजला रस्त्यात मान लववी, पण कशी आहेस म्हणून कधी विचारत नसे.

“तिरिओं… तिरिओं…” त्यानं कागदावरून बोट फिरवलं. “नाही.”

“नीट बघा ना.”

“नीटच बघतोय. परक्यांच्या यादीत नावंच चार. गिरणीतलं डच जोडपं, तो इटालियन गवंडी आणि कुणी एक बाल्टेस. तुमचा युरोप तुम्हालाच विसरला म्हणायचा!”

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

आमच्या सरकारी दप्तरात बाई मरेपर्यंत वडिलांच्या आडनावानंच राहते, लग्न होऊन पन्नास वर्षं उलटली तरी. एप्रिलमध्ये अर्जावर ते आडनाव तिनंच लिहिलं होतं. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि या चारचौघांत, या माणसासमोर उच्चारणं वेगळं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, परत फिरावं. मग तिला बाहेरची टोपी आठवली.

“बाल्टेस मीच,” ती म्हणाली. “माझं माहेरचं नाव. माझ्या भावाचंही.”

“भाऊ? कुठं असतो?”

“एकोणिसाव्या वर्षी रशियात गेला. आला नाही.”

फेर्नांनं चष्मा काढला. “माझे वडीलही आले नाहीत.”

“ठाऊक आहे मला. बेचाळीस वर्षं ठाऊक आहे.”

फेर्नां चष्मा पुसत बसला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

“सांगून ठेवतो, मी त्या कराराला ‘नाही’ म्हटलं होतं,” तो शेवटी गुरगुरला. “वरची मंडळी परस्पर ठरवतात. आपल्याला विचारतंय कोण?”

“मस्यू उंबेर, मला तर आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं. आज विचारलंय, तर सांगू द्या की!”

ओदीलला हसू आवरेना. “घ्या लिफाफा. आणि पक्षांचे कागद दोन-चार तरी उचला हो, नाहीतर कुणाला दिलंत ते दुपारच्या जेवणाआधी गावभर होईल.”

एडविजनं चांगले सहा उचलले; आमच्याकडे प्रत्येक पक्षाचा छापील कागद वेगळा, त्यातला एकच लिफाफ्यात जातो. पडद्याआड तो घालताना तिच्या हातून दोनदा निसटला. बाहेर येऊन तिनं लिफाफा पेटीत सोडला. दर मतदारामागे फेर्नां बसल्या बसल्या नाव पुटपुटायचा. या वेळी तो उभा राहिला. आमच्या तोंडाला ‘ह’ जमत नाही, तरी त्यानं छाती भरून जोर लावला.

“हेडविग बाल्टेस! मत दिलं!”

सही करताना तिला समोरचं काही दिसत नव्हतं. एवढ्या मोठ्यानं ते नाव शेवटचं कुणी घेतलं होतं? आईनं, अंगणातून, दोघा भावंडांना जेवायला बोलावताना.

ती बाहेर आली, टोपी मांडीवर घेतली आणि बाकावर बसली.

“ऐकलंस ना?” तिनं विचारलं. “दार उघडंच होतं.”