पायऱ्यांमधला पक्षी

टाळी वाजवली असता दगडी पायऱ्या पक्ष्यासारखा आवाज का देतात, आणि बांधणाऱ्यांनी तो मुद्दाम योजला होता का, या प्रश्नाचा मला उलगडा करायचा होता.

ईस्टरच्या सुट्टीत मी, पत्नी आणि मुलगी असे आम्ही तिघे आयर्लंडमधल्या एनिसहून, आमच्या गावाहून, मेक्सिकोला गेलो होतो. तेथील माया लोकांच्या प्राचीन नगराच्या अवशेषांत एक पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. वाटाड्याने त्याच्यासमोर टाळी वाजवली आणि वरून चिवचिवाटासारखा, उतरत जाणारा स्वर आला. स्थपतींनी आपला पवित्र पक्षी दगडात बसवला, असे त्याने सांगितले. सोमवारी वर्गापुढे हेच सांगायचे, असे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने परतताना ठरवून टाकले. पुरावा काय, असे मी विचारले. ते तिला लागले. नंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलू लागली.

म्हणून शनिवारी मी दोघींना गावातल्या हर्लिंगच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या, मैदानावर नेले. प्रेक्षकांसाठी तेथे काँक्रीटच्या सलग पायऱ्या आहेत. मी टाळी वाजवली. गवतावर पांढऱ्या रेघा आखणारा गृहस्थ थांबला. मॅच उद्या आहे, असे त्याने सौजन्याने कळवले.

"यांना निकाल आधीच कळलाय," पत्नी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

जागा बदलत आम्ही टाळ्या वाजवत राहिलो. एका ठिकाणी पक्षी बोलला. फिकट, पण तोच.

कारण साधे आहे. प्रत्येक पायरी टाळीचा थोडा आवाज परत पाठवते. वरच्या पायऱ्यांकडून येणाऱ्या प्रतिध्वनींमध्ये अधिकाधिक अंतर पडत जाते, आणि प्रतिध्वनी जितके विरळ, तितका स्वर खालचा; म्हणून तो उतरतो.

मुलगी खालच्या पायरीवर बसली. "म्हणजे माया लोकांनी तो मुद्दाम नाही केला."

"ते यावरून ठरत नाही. पायऱ्या बांधल्या की पक्षी आपोआप येतो, एवढंच कळलं."

तिने बसल्या जागी आणखी एक टाळी वाजवली. मग तिच्या नेहमीच्या आमच्या क्लेअर परगण्याकडच्या इंग्रजीत तिने विचारले, "पण त्यांनी तो ऐकला तर असेलच ना, बाबा?"

याला मला हरकत घेता आली नाही. सोमवारी तिने वर्गापुढे पायऱ्यांचे कारण सांगितले, आणि शेवटी हा प्रश्न तसाच ठेवला.

वाचकांनीही माझ्या शब्दावर विसंबू नये. नदीचा घाट किंवा स्टेडियमच्या रिकाम्या, सलग पायऱ्या गाठाव्यात, समोर थोडे दूर उभे राहून एकच टाळी वाजवावी, आणि स्वतः पडताळून पाहावे.