रखवालदाराचं दूध

आमच्या माळावर अणुवीज केंद्र होणार होतं. काम अर्ध्यात सोडून सगळे निघून गेले. मागं राहिला एक भलामोठा घुमट, आणि त्याच्या राखणीला एक रखवालदार. मी गावातल्या डेअरीवर दूध मोजून घेतो, त्यामुळं आपल्या म्हशीचं दूध घालायला तो रोज सकाळी भेटतो.

किटली ठेवण्याआधी रुमालानं तिचा तळ पुसणार, आणि कुणी न विचारता म्हणणार, "आत काय बी न्हाई बरं का. अणूचं सामान आलंच न्हाई, तर भ्यायचं कावून?" रोज तेच, त्याच चालीत. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रोज देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

उन्हाळ्यात गावातल्या म्हशी आटतात, याच्या दुधाला मात्र फॅट लई लागते. घुमटाभोवतीच्या कुंपणाच्या आत हिरवं गवत आहे, तिथं त्याचीच म्हैस चरते. दूध दाट म्हणून मी नातीसाठी तेच घरी नेत असे.

परवा चकलांब्याला गेलतो. तिथल्या दुकानात तो पिशवीचं दूध घेत होता.

"घरी म्हैस असून इकत कावून घेता?" मी विचारलं.

"पोरांना हेच लागतंय," असं म्हणून त्यानं पिशव्या रुमालाखाली झाकल्या. आत काही नाही, हे त्या दिवशी तो बोलला नाही.

आता आमच्याही घरी पिशवीचंच दूध येतं. त्याचं दूध मी अजून रोज घेतो, फॅट मोजतो, आणि बाकीच्यांच्या दुधात ओततो.