मला क्लेटे म्हणणारी बाई

न्युरेम्बर्गच्या आमच्या घरमालकिणीला मी अजून माफ केलेलं नाही. बाई आता हयातही नसेल, तरी नाही.

साठ सालच्या आसपास ह्यांच्या संशोधनासाठी आम्ही तिथं गेलो. तिच्या घरात एक खोली आमची, स्वयंपाकघर तिच्यासोबत. मला जर्मन येत नव्हतं, म्हणून मी तिच्या पाठीमागे उभी राहून सगळं बघत असे. एकदा शेजारणींसमोर माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही माझी क्लेटे." मी शब्दकोश उघडला. चित्रात रुंद पानांचं झाड होतं आणि त्याला आकड्यांची काटेरी बोंडं. मला वाटलं, अरे, हे तर आपलं गोखरू! माझ्या माहेरी मूतखड्यावर गोखरूचा काढा देत. म्हणजे बाई मला गुणाची म्हणतेय. मी इतकी हरखले, की पुढच्या वेळी शेजारणींना आपण होऊन सांगितलं, "गेनाऊ! अगदी बरोबर! मी क्लेटे!" हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली.

दोन महिन्यांनी ह्यांनी अर्थ सांगितला. क्लेटे म्हणजे गोखरू नव्हेच; त्याची बोंडं कपड्याला चिकटली की सुटत नाहीत, तशा चिकट माणसाला तिथं क्लेटे म्हणतात. लाजेनं माझे कान तापले. त्या दिवसापासून मी तिच्यावर डूख धरला.

पुढे माझे केस झडायला लागले. माझी वेणी कमरेखाली यायची, आणि एका शनिवारी त्या केसांनी न्हाणीघराची मोरी तुंबली. बाईनं सांगून टाकलं, "ऑक्टोबरअखेर वेणी काप, नाहीतर खोली सोडा." दुसरी खोली मिळणं तेव्हा महाकठीण होतं.

"आल्झो, हं, केसच ना? परत येतील," हे जर्मन झाडत म्हणाले.

"अहो, मग आधी तुमची मिशी उतरवा," मी म्हणाले. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

बाईचे स्वतःचे केस मूठभरही नव्हते. दर शनिवारी ती त्यांना क्लेटेच्या मुळांचं तेल चोळायची. मी चमचाभर मागितलं, तर म्हणाली, "तुला कशाला? मोरीत घालायला?"

बरं, म्हटलं. क्लेटे म्हणतेस ना, मग चिकटूनच दाखवते. तिच्या पाठीमागे उभी राहून मी तिची सगळी विद्या चोरली. बोंडं धरलेल्या झाडाचं मूळ लाकडासारखं होतं, म्हणून शेजारच्या पहिल्या वर्षाच्या झाडाचं काढायचं. चिरून तेलात घालायचं, बरणी तीन आठवडे शेगडीजवळ ठेवायची, मग फडक्यातून गाळायचं. अंगावर पुरळ उठलं तर मुळाचा काढा, गुडघा सुजला तर वर कोमट पान. लढाईनंतरच्या उपासमारीत तिनं ही मुळं उकडून खाल्ली होती, भाजून कुटून त्यांची कॉफीही केली होती. ते सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा आणि मला तिची दया यायची. तेवढ्यापुरतीच.

आगगाडीच्या रुळांच्या कडेला क्लेटेचं रान माजलं होतं. मी तिचंच खुरपं नेऊन हातभर मुळं खणून आणली. निम्म्याचं तेल घातलं. उरलेली सोलून, काळी पडू नयेत म्हणून तिच्यासारखीच व्हिनेगरच्या पाण्यात टाकली आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतली. हिंग जरा जास्तच घातला. दोन दिवस तिच्या पडद्यांना वास येत होता आणि मला गाढ झोप लागत होती.

येताना मी ॲप्रनच्या खिशात मूठभर बोंडंही आणली होती.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. चर्चची घंटा वाजत होती. बाईनं खुंटीवरची लोकरीची टोपी घाईनं डोक्यावर ओढली आणि ती किंचाळली. टोपी ओढून काढली, तर बोंडं केसांत राहिली. ती सोडवू गेली तशी आणखीच गुंतली. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनं मलाच हाक मारली.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कात्री घेतली.

"कापू नकोस!" ती रडकुंडीला आली. "तेवढेच राहिलेत."

"केसच ना? परत येतील," मी म्हणाले. कात्री तिच्या कानाजवळ दोनदा वाजवली. मला फार बरं वाटलं.

"माझी वेणी?" मी विचारलं.

"राहू दे."

"आणि खोली?"

"राहा, बाई, राहा."

मग मी माझी बरणी आणली. तेल लावून एकेक बोंड अलगद सोडवलं, एक केस तुटू दिला नाही.

तिनं वास घेतला. "हे माझं तेल नाही."

"माझं आहे," मी म्हणाले.

"आणि टोपीत बोंडं कशी आली?"

"मी क्लेटे ना," मी म्हणाले. "गेनाऊ."

आरशात बघून तिनं पुढचे केस बसवले, टोपी हातात घेतली आणि चर्चला निघाली. एक बोंड मी मागं मानेपाशी तसंच ठेवलं होतं, तिला आरशात दिसणार नाही आणि मागच्या बाकावरच्या शेजारणींना नीट दिसेल, असं.