मामींच्या बाथरूमला ना हरकत

आमचे मामासासरे जन्माला येतानासुद्धा आधी रीतसर अर्ज करून, तो मंजूर होईपर्यंत आतच थांबून, आणि पोच हातात पडल्यावरच रडले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नगरच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात हेडक्लार्क म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर घोडेगावच्या अलीकडे आमच्या गावात एक जुनं घर विकत घेऊन राहिले. गाव का निवडलं, तर भाची इथे दिलेली आहे. माझं खताचं दुकान त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मामांचा आवाज कचेरीत कमावलेला आहे. त्यामुळे ‘जावईबापू, गाडी काढा’ हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकतो हे विचारू नका.

परवानगी हा या माणसाचा श्वास. एसटीत बसले की खिडकीची काच सरकवायला कंडक्टरला विचारतात. लग्नाच्या पंगतीत दुसरी जिलबी घ्यायची तर वाढप्याला नाही, थेट वधूपित्याला गाठून ‘आपली हरकत नसेल तर’ म्हणतात, आणि तो बिचारा डोळे पुसायचं सोडून जिलबीला मंजुरी देतो. माझ्या लग्नाची यादी झाली तेव्हा सगळे सह्या करून पेढे खायला लागले होते आणि हे गृहस्थ चष्मा लावून यादी पहिल्यापासून वाचत होते. पाहुणे ताटकळले, चहा गार झाला. शेवटी माझ्या वडिलांना म्हणाले, “आहेर पोचल्याचा उल्लेख आहे, पण कोणाला पोचला ते नमूद नाही.” वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाळा, पोरगी चांगली आहे, पण अजून विचार कर.” न वाचता सही हा मामांच्या लेखी अपराध आहे. गॅसचं सिलिंडर आलं तरी पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचून होईपर्यंत गॅसवाला ओट्यावर बसून राहतो. आता तर तो येतानाच डबा घेऊन येतो.

तर अशा माणसाच्या घरातला संडास-बाथरूम बदलायचा होता. तो परसात, पायऱ्या उतरून खाली. पायऱ्यांना शेवाळ, आत उकिडवं बसायचं भांडं, दिवा असून नसल्यासारखा. मामींचे गुडघे गेलेले. खाली बसल्या की उठताना भिंतीला धरून देवाचं नाव घ्यायच्या. शेवटी शेवटी बसणंच होईना, तेव्हा त्या रोज पहाटे शाल पांघरून आमच्याकडे यायला लागल्या, कारण आमच्याकडे कमोड आहे. येताना हातात वाटी. कधी चटणी, कधी लोणचं. नुसत्या हातानं यायची त्यांना लाज वाटायची. बायको म्हणायची, “मामी, हे कशाला?” तर म्हणायच्या, “असू दे गं. कुणी विचारलं तर सांगायला बरं पडतं.” एवढ्या वयाच्या बाईला संडासला जायला लोणच्याचं निमित्त करावं लागत होतं.

घरातच, झोपायच्या खोलीला लागून, एक लहानसं बाथरूम काढायचं, एवढंच काम. गवंडी म्हणाला, “आठवड्यात देतो मोकळं करून.” कोणीही सज्जन माणूस त्याला हो म्हणाला असता. मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “परवानगी येऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक तरुण, हसतमुख माणूस. त्यानं अर्ज वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. म्हणाला, “काका, घरातल्या घरात संडास बांधायला कशाला परवानगी? आम्ही इथं लोकांच्या पाया पडतोय, बांधा म्हणून. उघड्यावर बसणाऱ्यांमागं पहाटे शिट्ट्या फुंकत फिरलोय गावभर. बांधा, आणि मला चहाला बोलवा.”

“म्हणजे परवानगी लागत नाही?”

“नाही लागत.”

“तसं लेखी द्या.”

ग्रामसेवकाचं हसू तिथेच मावळलं, ते मी त्याच्या तोंडावर परत कधी पाहिलं नाही. लागत नाही ते लागत नाही असं लिहून द्यायचा नमुनाच नसतो, असं तो काकुळतीला येऊन सांगत होता. मामांनी पिशवीतून कागद काढला. “नमुना मी करून आणलाय.” त्या नमुन्यात ‘शेजाऱ्यांची ना हरकत जोडली आहे’ असंही एक वाक्य होतं. कोणीही न मागितलेलं. मामांच्या हातून ते आपोआप पडलं होतं, जित्याची खोड. ग्रामसेवकाला वाट सापडली. “मग आधी ती आणा,” म्हणाला, आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

शेजारी म्हणजे भिकाआबा. मामांच्या भिंतीला लागून त्यांचा गोठा. साधा, भला माणूस. जन्मात त्यांनी कोणाच्या कामात नाक खुपसलेलं नाही. मामा गेले, हात जोडले आणि म्हणाले, “आबा, आमच्या नियोजित बाथरूमला आपली हरकत आहे का?”

आबा हसायला लागले. “आरं द्येवा, तुज्या घरात तू कुटं बी बस की! माजी कशाची हरकत?”

“तसं नाही आबा. कायद्यानं तुम्हाला हरकत घेता येते.”

मी तेवढ्यात मामांचं धोतर ओढणार होतो, पण ते पँट घालतात. आबांचं हसू थांबलं. पटका सारखा करत म्हणाले, “घेता येती व्हय?” मग गोठ्याकडे वळून बघितलं. म्हणाले, “मंग इचार करून सांगतो.”

माणसाला एकदा कळलं ना की आपल्या ‘हो’वर कोणाचं तरी अडलंय, की तो ‘नाही’ची चव घेतल्याशिवाय राहत नाही. आबांनी दोन दिवस विचार केला आणि हरकत शोधून काढली. बाथरूमची खिडकी गोठ्यावर येणार. रातच्याला दिवा लागला की उजेड म्हशीच्या तोंडावर. “आत्ताच घोडेगावच्या बाजारातनं आणल्याली म्हस हाय. बुजंल. दूध चोरंल. मंग?”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आबा, पडदा लावतो. मामांना मात्र आनंद झाला. अहो, चेहरा उजळला त्यांचा! निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यासमोर खरीखुरी, मुद्देसूद हरकत आली होती. ‘जावईबापू, गाडी काढा.’ आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे. मामांचा अर्ज तयार: मागच्या खिडकीतल्या कमी पॉवरच्या दिव्यामुळे दुभत्या म्हशीच्या दुधावर परिणाम होतो किंवा कसे, याबाबत लेखी अभिप्राय मिळावा. डॉक्टर एका गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. त्यानं तशाच अवस्थेत माझ्याकडे पाहिलं. “यांचे तुम्ही कोण?” मी म्हणालो, “गाडी चालवतो.”

अभिप्राय काही मिळाला नाही. मग प्रकरण ग्रामसभेत गेलं. आता ग्रामसभा तशी पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेली. पण टाकीवर बोलायला अक्कल लागते, मामींच्या संडासावर बोलायला ती कोणालाच लागत नव्हती. मारुतीच्या देवळासमोर सगळा गाव जमलेला. कमोड चांगला की वाईट, त्यानं पोट साफ होतं की नाही, मागच्या पिढीच्या बायका कशा दिवसभर उकिडव्या बसून कामं उरकायच्या, इथपर्यंत चर्चा रंगली. मामा उभे राहिले आणि अर्ज खणखणीत आवाजात वाचून दाखवला. “अर्जदाराच्या पत्नीस गुडघेदुखीमुळे बसणे-उठणे अशक्य झाले असून तिला सध्या प्रातर्विधीसाठी नातलगांकडे जावे लागते.” बायकांच्या घोळक्यातून एक खुसखुस उठली. मामी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली ती घरी जाईपर्यंत वर केली नाही. ग्रामसभेनं पाहणी समिती नेमली. समितीतले लोक येऊन मामींचा संडास वाकून वाकून बघून गेले. मामींनी त्यांना चहा केला.

दुसऱ्या दिवसापासून मामी आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. बायको बोलवायला गेली तर म्हणाल्या, “आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय गं, मी सकाळची कुठं जाते ते. वाटी बघून हसतात बायका.” मी मामांवर भडकलो. म्हणालो, मामा, पुरे झालं, उद्या गवंडी आणतो. ते शांतपणे म्हणाले, “जावईबापू, समितीचा अहवाल आल्याशिवाय केलेलं काम बेकायदेशीर ठरतं. उद्या कोणी पाडलं तर तिची किती आबाळ होईल?” आणि खरं सांगतो, ते मनापासून म्हणत होते. नोकरीत त्यांनी कागदावाचून अडलेली, पडलेली किती घरं पाहिली असतील देव जाणे. बायकोच्या बाथरूमला कोणी उद्या बोटसुद्धा लावू नये, म्हणून त्या माणसाचा तो सगळा खटाटोप चालला होता.

त्याच आठवड्यात मामी परसातल्या पायऱ्यांवरून घसरल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मी गावातली एक जीप मागून आणली आणि आम्ही त्यांना आडवं घालून नगरला नेलं. वाटभर मामा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मामी, एवढ्या कळा येत असताना, त्यांना सांगत होत्या, “दूध तापवलंय, झाकून ठेवलं नाही.” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल, वय झालंय, बीपी आहे, जोखीम आहे. नर्सनं संमतीपत्र पुढे केलं. चांगलं लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेलं, खाली बारीक अक्षरं. मी मनात म्हटलं, झालं! आता हे खिशातून चष्मा काढणार, पहिल्या ओळीपासून सुरुवात करणार, आणि आत मामी कण्हत राहणार. मी त्यांच्या हातातून कागद ओढून घ्यायच्या तयारीतच होतो.

मामा म्हणाले, “सही कुठं करायची?”

नर्सनं बोट ठेवलं. त्यांनी सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की त्यांची आहे हे कोणत्याही बँकेनं मानलं नसतं. नर्स सवयीनं म्हणाली, “वाचून घ्या आजोबा.” ते म्हणाले, “तिला बरी करा, बाई. बाकी काय लिहायचं ते लिहा.” लग्न झाल्यापासून मी या माणसाची टिंगल केली. त्या दिवशी त्यांना न वाचता सही करताना पाहिलं आणि मला रडू आवरेना.

ऑपरेशन नीट झालं. मामी शुद्धीवर आल्या, आम्हाला ओळखलं, दुधाची चौकशी केली. मामा उठले आणि माझ्यापाशी आले. मी जीपची किल्ली काढलीच होती. बायको मामींपाशी थांबली. गावात आल्यावर मामा घरात शिरले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि झोपायच्या खोलीच्या भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. मी धावत जाऊन गवंड्याला आणलं. आवाज ऐकून भिकाआबा भिंतीवरून डोकावले. मला वाटलं, आता म्हैस निघणार. आबा खाली मान घालून म्हणाले, “मी म्हस पल्याडच्या अंगाला बांधतो. तू खिडकी मोटी घे रं. वैनीला उजेड पायजेल.” मग तेच विटा वाहायला लागले. मामा कोणालाही काही विचारत नव्हते. फरशी कोणती, विचारलं नाही. नळ कुठे, विचारलं नाही. गवंडीच शेवटी मला म्हणाला, “साहेबास्नी बरं न्हाई का?”

मामी घरी आल्या तेव्हा बाथरूम तयार होतं. कोरडी, खरबरीत फरशी, धरायला दांडा, कमोड, मोठी खिडकी. मामी वॉकर टेकत टेकत आत गेल्या आणि त्या दांड्यावरून हात फिरवला. सगळं छान झालं होतं. मामाच तेवढे बिघडले होते. गॅसवाल्याला दारातूनच सही करून परत पाठवायचे. तो माझ्या दुकानात येऊन म्हणाला, “काका बोलले सुद्धा न्हाईत. डबा तसाच नेला मी.” पंगतीत मुकाट जेवून उठायचे. त्यांच्या हाका बंद झाल्या आणि माझी मोटरसायकल दुकानापुढे धूळ खात पडली. ज्या सुखासाठी मी इतकी वर्षं नवस बोललो, ते मिळालं तर मला चैन पडेना.

परवा मी मामींना बघायला गेलो होतो, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई आला. पाहणी समितीचा अहवाल आला होता, ठराव झाला होता, आणि नियोजित बाथरूमला परवानगीचं पत्र निघालं होतं. शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे. मामांनी शिपायाच्या वहीत सही केली, पाकीट न उघडताच टीव्हीखाली सरकवलं आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मामी बाथरूममधून बाहेर आल्या. वॉकर भिंतीला लावला, पलंगावर टेकल्या. “काय आलंय?”

“काही नाही. ते आपलं... परवानगी.”

“मग वाचा की.”

“आता काय वाचायचं त्यात?”

“वाचा म्हणते ना. मोठ्यानं वाचा. मला काय काय मंजूर झालंय ते मलाही कळू दे.”

मामांनी मामींकडे पाहिलं. मग उठले, पाकीट काढलं, नीट कडेनं फाडलं, चष्मा लावला आणि जावक क्रमांकापासून सुरुवात केली. ग्रामसभेत होता तो आवाज नव्हता, पण अक्षर न् अक्षर वाचत होते. विषय झाला, संदर्भ झाला. “अर्जदाराच्या पत्नीस गुडघेदुखीमुळे बसणे-उठणे...” इथे ते थांबले. ती ओळ त्यांनीच लिहिलेली होती. त्यांनी चष्मा काढला आणि मामींशेजारी पलंगावर टेकले. मी खिडकीतून आबांची म्हैस बघत राहिलो.

मामींनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून परत हातात दिला. म्हणाल्या, “सावकाश वाचा. मला आता कुठं जायचंय?”